हलकं काडतूस

स्वीडनच्या यामटलांडमध्ये मूस या अजस्र हरणाची शिकार पाच दिवसांवर आली होती आणि सरावाच्या मैदानावर एवर्टचा एकही नेम बसत नव्हता. घरी काडतुसं भरणारी त्याची बायको सिग्ने म्हणाली, "दारू कमी करू या. मूस तेवढ्यानेही पडतो." "मला काय ससे मारायचेत?" एवर्ट गुरगुरला. शिकारीचे सोबती हसले. सिग्नेने पुढचं काडतूस दिलं. त्याने चाप ओढला. नुसतंच 'टक्' झालं. आत तिने मुद्दाम दारू भरलीच नव्हती. धक्का बसला नाही, तरी त्याचा खांदा दचकला, डोळे मिटले. सिग्नेला वाटलं, आपण चारचौघांत त्याची शोभा केली! तेवढ्यात एवर्टच खोखो हसत सुटला. "म्हणजे तीस वर्षं मी धक्क्यालाच घाबरतोय! आण गं तुझी हलकी काडतुसं." त्याने पाच गोळ्या झाडल्या; पाचही नेम बसले. सोमवारी एकाच गोळीत मूस पाडून तो ओरडला, "मूस पाडणाऱ्याच्या मानाचं काळीज सिग्नेच्या ताटात! मी नुसता चाप ओढला."