एकवचन

छावणीच्या फाटकाबाहेर रस्त्यावर सहा टोप्या होत्या, नऊ बूट, एक शिट्टी आणि मालट्रकच्या दिव्याच्या फुटक्या काचा. ब्रेकची खूण एकही नव्हती. पोलिसांकडून मोजणीला आलेल्या बाईंनी प्रत्येक वस्तूपाशी आकड्याची पाटी ठेवली. ट्रक मुद्दाम रस्ता सोडून सैनिकांवर घातला होता, चालवणारा पकडला गेला होता. त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

शंका उस्तादांना होती. नव्या पोरांना कवायत शिकवणारे उस्ताद फाटकाच्या खांबाला टेकून उभे होते.

“मी ‘पळा’ म्हणालो, बाई. म्हणालोच असणार.”

“मला तर नुसतं ‘अरे अरे’ ऐकू आलं,” पहारेकरी म्हणाला.

“तू गप रे. तुला जेवणाची घंटा तेवढी ऐकू येते.”

पहिल्या रांगेतला एक पोरगा आतल्या पायरीवर बसला होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

“‘थांब’ म्हणालात, उस्ताद.”

“ट्रकला!” उस्ताद एकदम सरळ झाले. “ट्रकला म्हणालो. एकवचनात. तुम्ही अठरा जण. तुम्हाला म्हणायचं असतं तर ‘थांबा’ नसतो का म्हणालो?”

पोरगा बुटांकडे बघत राहिला.

“तुकडी एकच असते, उस्ताद. ‘तुकडी, थांब.’”

गेले अडीच महिने उस्ताद रोज मैदानावर ओरडत होते: थांब म्हटलं की समोर यम आला तरी पाय हलता कामा नये. आणि पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचंच पडलं पाहिजे, मामाच्या गावाला निघालात का?

“मग तुम्ही थांबलात?” उस्तादांनी विचारलं.

“सगळेच थांबलो. बारा जण आत आले होते. सहा बाहेर होते.”

बाहेरच्या सहांपैकी चौघे गेले होते.

बाई उकिडव्या बसल्या. फाटकापाशी पसरलेल्या बारीक खडीत टाचा आपटल्याच्या खुणा होत्या, तिघांची एक रांग, मागे तिघांची दुसरी. रेघ मारल्यासारख्या सरळ. एकाचीही टाच पुढेमागे नव्हती.

उस्ताद त्यांच्यामागे येऊन उभे राहिले.

“चांगली थांबली पोरं,” ते म्हणाले. मग फाटकाकडे वळून, “फाटक लांब होतं, नाही का बाई? ट्रक तिकडे विजेच्या खांबाशी दिसला तेव्हा मी ओरडलो. चालत राहिली असती, तरी पोचली नसतीच. फाटक लांबच होतं.”

बाईंनी खांबाकडे पाहिलं. तो रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

“माझ्या कामात हे माप येत नाही,” त्या म्हणाल्या.

“तरी घ्या.”

त्यांनी फीत उलगडली. एक टोक उस्तादांनी फाटकाच्या चौकटीला धरलं. दुसरं बाईंनी शेवटच्या रांगेच्या टाचेपर्यंत नेलं, ताणलं, आकडा दोनदा पाहिला आणि वाचला.

“दोन मीटर दहा.”