बुंदीची जांभई

कुत्रा दुसऱ्याला देण्याआधी बोलका पट्टा बांधून त्याचं म्हणणं ऐकायचं, असा आता नियम होता. त्यामुळे बुंदीला न्यायला आलेल्या शेजारच्या गावडेने पट्टा सोबतच आणून तिच्या गळ्यात बांधला होता.

"शालिनी गेल्यापासून ही माझं तोंडसुद्धा बघत नाही," भालचंद्र पेडणेकर तावातावाने म्हणाले. "मी बोलायला लागलो की मान फिरवते, जांभया देते. विटलीय मला. घेऊन जा!"

बुंदीने मान फिरवली, ओठ चाटले आणि लांबलचक जांभई दिली.

पट्टा बोलला, "चिडू नकोस. शांत हो. मी आहे ना."

"बिघडलाय हा!"

"पट्टा ठीक आहे, काका. ती तुमची समजूत घालतेय."

पेडणेकरांना शालिनी आठवली. त्यांचा आवाज चढला की त्यांची बायको भेदरलेल्या बुंदीकडे बघून अशीच जांभई द्यायची. त्यांना वाटायचं, झोप आलीय. शालिनीला ही भाषा येत होती, तीही पट्ट्याशिवाय.

ते जमिनीवर बसले, मान वळवली आणि अवघडून एक जांभई दिली.

बुंदी आली आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून पडली.

"पट्टा सोड तिचा, गावडे," ते हळू आवाजात म्हणाले. "आता मला कळतं."