चौऱ्याऐंशी टक्के ओल

चौथं गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं, म्हणून म्हाताऱ्याने दुपारी बारालाच तळ्यावरचं झाकण काढून भिंतीला उभं केलं.

तळं दिवाणखान्यातच होतं. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, छातीइतकं खोल. त्याने आणि बायकोने मिळून बांधलेलं. बायको गेली, मासे राहिले. एकवीस मासे. त्यातली सगळ्यात थोराड ती जाडी, ती त्याच्या हातातून खायची. आता मुलगा घर विकून आठव्या मजल्यावर राहायला जाणार होता, आणि तिथे मोठी बादली ठेवायलासुद्धा जागा नव्हती.

घर मुलाच्या नावावर होतं. 'आज ना उद्या त्याचंच आहे' म्हणत म्हाताऱ्यानेच हसत सही केली होती. त्यामुळे नाही म्हणायचा हक्क उरला नव्हता. उरली होती फक्त हवा.

आणि हवेतलं त्याला जेवढं कळायचं तेवढं त्या गल्लीत कुणालाच कळत नव्हतं. तीस वर्षं तो शीतगृहात मेकॅनिक होता. घरात एवढं पाणी असूनही अकरा वर्षं त्याने हवेतली ओल पंचावन्न टक्क्यांच्या वर जाऊ दिली नव्हती. झाकण घट्ट, पाणी खोलीपेक्षा दोन अंश गार, धबधबा बंद, हवा बाहेर फेकणारा पंखा चालू. आता तेच सगळं उलटं करायचं होतं. त्याने पाण्यातला हीटर लावला, धबधबा पूर्ण सोडला, पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या आणि खुर्ची ओढून बसला.

"विकतो म्हणे," तो जाडीला म्हणाला. "विक म्हणावं. बघतोच."

तीन गिऱ्हाइकं त्याने अशीच परतवली होती. पहिली पियानो शिकवणारी बाई. तिने भिंतीवरच्या ओल मोजणाऱ्या मीटरचा आकडा वाचला आणि चहासुद्धा न घेता गेली. दुसरे निवृत्त प्राध्यापक, चार हजार पुस्तकांचे धनी. तिसऱ्याच्या चष्म्यावर दारातच वाफ धरली, त्याला घर दिसलंच नाही. म्हातारा प्रत्येकाला अगदी सौजन्याने सांगायचा, "हो, ओल आहे. लपवायचं कशाला?"

सून मात्र रडकुंडीला आली होती. "बाबा, माझ्या बुटांना बुरशी आली. मीठ चमच्याने खरवडून घ्यावं लागतं."

"बुटांचं काय घेऊन बसलीस? त्या बाईंच्या पियानोचं काय झालं असतं, विचार कर."

पावणेचारला मुलगा कामावरून धापा टाकत आला. दार उघडताच उबट वाफारा त्याच्या तोंडावर आला. काचांवरून पाण्याचे ओघळ चालले होते.

"बाबा! सकाळी मी झाकण लावून गेलो होतो."

"मी काढलं."

"का?"

"मासे घुसमटतात."

"अकरा वर्षं नाही घुसमटले ते?"

"तेव्हा त्यांचं घर कुणी विकायला काढलं नव्हतं."

मुलगा झाकणाकडे धावला. म्हातारा मध्ये आडवा उभा राहिला. मुलाच्या खांद्याला लागत होता जेमतेम, पण हटला नाही.

"चोरून नाही केलं मी. दिवसाढवळ्या केलंय. तुझ्या आईने शेवटचे दिवस या काठावर बसून काढले. मला हे सोडून जायचं नाही. ऐकलंस? नाही जायचं मला."

त्याचा आवाज फाटला. मुलगा काही बोलणार तेवढ्यात बेल वाजली.

नवराबायको होते, चाळिशीतले. नवऱ्याच्या शर्टाला दोऱ्यांची टोकं चिकटली होती. नमस्कार वगैरे झाल्यावर त्याने काही न बोलता खोली पावलांनी मोजली, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. बाईने फरशीवर टाच आपटून बघितली.

"जड सामान पेलेल ना हो?"

"ट्रक उभा करा!" मुलगा घाईने म्हणाला.

"सामानाचं नंतर," म्हातारा म्हणाला. "आधी इकडे या." त्याने दोघांना मीटरपुढे नेलं. "किती दिसतंय? चौऱ्याऐंशी. लाकूड फुगतं. दारं अडकतात. लोखंडाला हात लावाल तर गंज हाताला येईल. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही म्हणून."

"बाबा, पुरे," मुलगा पुटपुटला.

"पुरे कशाला? गिऱ्हाइकाला खरं कळायला नको?"

"आजच एवढी ओल आहे, का नेहमी असते?" बाईने विचारलं.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण आज जीभ अडखळली नाही. "बारा महिने. उन्हाळा असो, हिवाळा असो. एक टक्का इकडेतिकडे होत नाही."

मुलाने डोळे मिटून घेतले. बाईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा जागच्या जागी थांबला होता. म्हाताऱ्याला ती शांतता चांगली ओळखीची झाली होती. पियानोवाली बाईसुद्धा निघण्याआधी अशीच गप्प झाली होती. त्याने अदबीने दाराकडे हात केला.

"आम्ही हातमागावर कापड विणतो," बाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "फार बारीक सूत असतं. हवा जराशी कोरडी झाली की तटातट तुटतं. दोन वर्षं घरं बघतोय, सगळी कोरडी ठणठणीत. हे आम्ही घेतलं, किंमत तुम्ही म्हणाल ती. फक्त काका, एवढी कृपा करा, हे चौऱ्याऐंशी कसं राखायचं ते आम्हाला शिकवून जा."