तुलनेपुरता निरोगी

"आगाय, तुमच्या रक्तात काहीतरी गडबड आहे," आक्बोता म्हणाली. प्रयोगशाळेत सगळे सरांना 'आगाय'च म्हणत.

प्राध्यापक तोलेगेनने कागदावरून मानही वर केली नाही. "गडबड तुझ्या हातात आहे, पोरी. पुन्हा कर."

तिने तीनदा केलं होतं.

पेशींतला कचरा जिरवणाऱ्या लायसोसोममधलं अल्माटीत आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं तोलेगेनचं प्रामाणिक मत होतं. हे काम अडलं की प्लीहा फुगते, हाडं ठणकतात, अंगावर निळे डाग उठतात, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. रुग्णांच्या रक्तात हे काम किती जोरात चालतं, त्याचा आकडा ताडून पाहायला एक निरोगी माणूस लागायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याने स्वतःचीच बाही वर सरकवली. लांब कशाला जायचं? कुणाचे आकडे त्याच्या चौपट आले, तर तो पाठीवर थाप मारायचा, "घोडीचं दूध मानवलंय तुम्हाला!"

पोट सुटलं होतं, ते घोड्याच्या मटणाने. गुडघे दुखायचे, ते शहरातल्या चढांमुळे. दंडावरचे डाग बसमधल्या धक्क्यांचे. बायको डॉक्टरकडे जा म्हणाली की तो हसायचा, "अगं रौशान, डॉक्टरच माझ्याकडे येतात."

आक्बोताने कागद पुढे सरकवला. तिने स्वतःचं, शिपायाचं आणि कँटीनवाल्या बाईंचं रक्त तपासलं होतं. तिघांचे आकडे जवळपास सारखे. तोलेगेनचा मात्र त्यांच्या पाव.

तोलेगेनने आकडा पाहिला. मग स्वतःचं पोट पाहिलं. आणि त्याला हसू आवरेना.

"वीस वर्षं जगभर शोधतोय मी या रोगाला! आणि हा रोज माझ्याच शर्टाची बटणं तोडत होता!"

आक्बोता हसली नाही. "यावर औषध आहे, आगाय. पण तुमच्या आकड्याशी ताडून आपण ज्यांना निरोगी ठरवून घरी पाठवलं, त्यांचं काय?"

त्याचं हसू तोंडातच राहिलं.

त्याने जुनी नोंदवही काढली. अशी एकोणीस नावं निघाली. पहिलं शिम्केंतच्या एका मुलीचं होतं. तपासलं तेव्हा तिला सहावं वर्ष लागलं होतं. त्याने फोन लावला. पलीकडे तिची आई होती.

"साउले, मी प्राध्यापक तोलेगेन. तुमची मुलगी अगदी माझ्यासारखी आहे, असं मी सांगितलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय ना, आगाय! किती हायसं वाटलं होतं आम्हाला!"

"ते खरं निघालं," तो म्हणाला. "तिला उद्याच घेऊन या."