खरवड

"हात आखडू नका, मास्तर! भात काय तुमच्या घरचा आहे?"

शिवणवाल्या काकूंनी मास्तरांच्या हातातली भातवाढी हिसकावून घेतली. आज इज्जतीचा प्रश्न होता. अन्नछत्रात पहिल्यांदाच दोन प्रार्थनामंडळं एकत्र वाढत होती. हॉलच्या या टोकाला काकूंच्या मंडळाचं पातेलं, त्या टोकाला दुसऱ्यांचं. सेवेत स्पर्धा नसते, असं सकाळी प्रार्थनेत दोघांनीही डोळे मिटून म्हटलं होतं. डोळे उघडल्यापासून मात्र सगळे एकच बघत होते : कुणाचं पातेलं आधी रिकामं होतं.

"जरा बेतानं वाढू या," मास्तर म्हणाले. "शेवटच्या माणसाला पुरायला हवं."

"शेवटचा माणूस केव्हाच बसलाय जेवायला. तुम्ही आपले घासायच्या तयारीला लागा." काकूंनी पाणी देणाऱ्या आपल्या सुनेला डोळा मारला. "दर रविवारी हट्टानं पातेलं घासायला मागतात बघ. घरी कधी कपबशी तरी विसळलीत का हो?"

"घरी विसळायला असतं काय!"

सगळे खो खो हसले. मास्तरांचा विनोद नेहमीच कोरडा.

काकू पातेलं घेऊन टेबलांमधून निघाल्या. दर रविवारी ही माणसं शेवटचा भात नको म्हणायची. पोट भरलं, काकू. बास, काकू. भिडस्त मेली, दुसरं काय! आज काकूंनी कुणाचं म्हणून ऐकलं नाही. बाजारातल्या म्हाताऱ्या हमालानं तर ताटावर दोन्ही हात आडवे धरले. काकूंनी ते बाजूला सारले आणि ढीग घातला.

"देवाच्या दारी कसली आलीय लाज!"

मग त्यांनी तळ खरवडला. खर्र, खर्र. करपलेली खरवडसुद्धा हमालाच्याच ताटात गेली. पातेलं उपडं करून काकूंनी उंच धरलं आणि भातवाढीनं बडवलं.

"आमचं संपलं! एक शीत नाही राहिलं!"

त्या टोकाच्या मंडळींनी तोंडदेखल्या टाळ्या वाजवल्या.

"घ्या मास्तर, तुमचं लाडकं पातेलं."

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. पातेल्यात वाकून पाहिलं. मग एक हात आत घालून तळावरून सावकाश फिरवला, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा. तेवढ्यात त्यांच्या एप्रनखालून काहीतरी सटकलं आणि फरशीवर खणकन आपटलं.

जेवणाचा डबा. झाकण गडगडत काकूंच्या पायाशी आलं. डबा रिकामा होता. आतून दोन चमचे बाहेर पडले.

"अगंबाई, डबा कशाला?" काकू हसत म्हणाल्या.

त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही. जवळच्या टेबलांवरचे घास थांबले होते. सगळी माणसं काकूंकडे बघत होती आणि त्यांतल्या एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं.

काकूंचा हात भातवाढीसकट वरच राहिला.

मास्तरांनी खाली बसून चमचे उचलले, एप्रनला पुसले. एक, मग दुसरा. "घरी आमची ही वाट बघत असेल," ते फरशीकडे बघत पुटपुटले.

हमाल ताट घेऊन उठला. एका बाजूचा ढीग त्यानं बोटही न लावता ठेवला होता. तो त्यानं मास्तरांच्या डब्यात लोटला, वर खरवड ठेवली आणि काकूंच्या पायाशी पडलेलं झाकण उचलून घट्ट बसवलं.

"म्हणून नको म्हणतो आम्ही शेवटचा भात," तो म्हणाला. "तळाला काहीतरी राहावं म्हणून."

"तुम्हाला... सगळ्यांना ठाऊक होतं?"

त्या टोकाला दुसरं पातेलं बडवायला सुरुवात झाली. हमालानं तो आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली.

"आम्हाला रविवारचं ठाऊक, काकू. बाकीच्या दिवसांचं तुम्ही सांगा. प्रार्थनेला एका बाकावर बसता ना?"