झोप : उत्तम

एकशे बारा जवानांनी एकशे बारा फॉर्मांवर एकच उत्तर लिहिलं होतं. झोप : उत्तम.

कर्नलसाहेबांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "बघा डॉक्टर. माझी पोरं कुंभकर्णासारखी झोपतात. पहाटे साडेचारची उठायची शिट्टी तुम्ही म्हणता तशी साडेसहाला कशाला न्यायची?"

पलटणीची डॉक्टर नवीन होती, वयाने साहेबांच्या धाकट्या बहिणीएवढी. मागच्या महिन्यात एका ड्रायव्हरला भरदुपारी स्टिअरिंगवर डुलकी लागली होती आणि ट्रक भिंतीत घुसला होता. त्याचा पाय तिनेच जोडला होता. त्याचा फॉर्म तिने गठ्ठ्यातून बाहेर काढला. प्लॅस्टरमधल्या ड्रायव्हरनेही लिहिलं होतं, उत्तम.

"सर, झोप लागत नाही म्हणणारा इथे कच्चा ठरतो. मग खरं कोण लिहील? मी चुकीच्या माणसांना विचारलं. त्यांच्या घरी विचारू का?"

साहेब हसले. "सगळ्यांच्या घरी विचारा. महिन्याने हीच उत्तरं घेऊन याल."

महिन्याने ती पिशवीभर पत्रं घेऊन आली. साहेबांनी चष्मा लावला आणि एकेक उघडायला घेतलं.

ज्याला सगळे पहिलवान म्हणत, त्या हवालदाराच्या बायकोने लिहिलं होतं, 'सुट्टीवर आले की झोपेतून उठून तीनतीनदा दाराची कडी बघतात. चौथ्यांदा मीच जाऊन बघते, म्हणजे ते पडून तरी राहतात.'

स्वयंपाक्याच्या आईचं पत्र दोनच ओळींचं होतं. 'आधी असा घोरायचा की शेजारी भिंत ठोकायचे. आता घोरत नाही, नुसता कुशी बदलतो. शेजारी खूश आहेत, मी नाही.'

ड्रायव्हरच्या वडिलांनी मास्तरकीच्या वळणदार अक्षरात कळवलं होतं, की मुलगा फोनवर बोलता बोलता गप्प होतो. 'आम्ही फोन ठेवत नाही. तेवढाच डोळा लागतो त्याचा.'

साहेब वाचत गेले. चहा गार झाला, त्यावर साय धरली. ही सगळी पोरं त्यांना नावागावासकट पाठ होती. कोणाच्या बहिणीचं लग्न कधी, कोणाच्या बापाचं ऑपरेशन कधी, सगळं ठाऊक होतं. पण हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तळाशी एक पाकीट उरलं. त्यावर तिकीट नव्हतं.

"हे कोणाकडचं?"

"तुम्ही सगळ्यांच्या घरी विचारा म्हणालात, सर," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "सगळ्यांत तुम्हीही आलात."

आत वहीचा फाडलेला कागद होता. साहेबांची नऊ वर्षांची मुलगी शाईच्या पेनाने नुकतीच लिहायला लागली होती, त्यामुळे जागोजागी डाग पडले होते.

'डॉक्टरताई, बाबा झोपत नाहीत. मी बघायला गेले की डोळे घट्ट मिटतात आणि खोटं खोटं घोरतात. ते घोरणं मला ओळखता येतं. पण मी सांगत नाही. मी पण जाऊन डोळे मिटते, मग आई बघायला येते. आमच्या घरी सगळे एकमेकांसाठी झोपतात. बाबांना रागावू नका. त्यांना चांगलं औषध द्या, कडू असलं तरी ते घेतील, ते शूर आहेत.'

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. काचा स्वच्छच होत्या.

"शिट्टी उद्यापासून साडेसहाला," ते म्हणाले. "तुमची झोपेची तपासणी कधी सुरू होते?"

"सोमवारी. पण सर, कोणी नाव देत नाहीये. पहिलं कोण जाणार, यावर सगळं अडलंय."

साहेब उठले. खोलीचं दार सताड उघडलं. बाहेर कारकून टंकलेखन करत होता, आणि कारकुनाच्या कानावर पडलेलं जेवणाच्या घंटेपर्यंत पलटणभर होतं, हे साहेबांना वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. परेडच्या मैदानावर लावायचे तसा त्यांनी आवाज लावला.

"डॉक्टर, पहिलं नाव माझं लिहा. मला तीन वर्षं झोप नाही."