गोरखची चांदी

"मावशी, ही चांदी नाही."

तळेगावच्या सराफाने नाणं कसोटीच्या दगडावर घासलं होतं, वर तेजाबाचा थेंब टाकून पाहिला होता. दुसरं नाणंही तसंच निघालं. मग त्याने उरलेली अकरा मागितली आणि रतनबाईने ती जिवावर येऊन पुढे केली. सगळी पितळेची होती, वरून नुसतं चांदीचं पाणी.

रतनबाई दोनच नाणी मोडायला आली होती. तिचा नवरा सोपान जाऊन चौदा दिवस झाले होते. सुतक फिटलं होतं. आता त्याचा टाक करायचा होता. गेलेल्या माणसाची आकृती चांदीच्या पत्र्यावर उठवायची आणि घरच्या देवांत नेऊन बसवायची, ही त्यांच्या घरची रीत. घरात मागे कुणी नाही म्हणून फडक्यातली सगळी नाणी बरोबर घेतली होती, पण बाकीच्यांना हात लावायचा नाही, हे ती इंदुरी गावाहून ठरवूनच निघाली होती. ती नाणी गोरखची होती.

गोरख तिचा एकुलता एक. तेरा वर्षांपूर्वी बेगडेवाडी स्टेशनावर लोकलमध्ये बसून कामाला गेला, तो आलाच नाही. त्या दिवाळीपासून सोपान दर धनत्रयोदशीला लक्ष्मीचं एक नाणं आणायचा. "आला की सुनंला पैंजण करू," म्हणायचा. चांदीचा भाव एवढा चढला, शेजारणी होतं नव्हतं ते मोडून आल्या, पण ही हलली नाही. देवपूजा सोपान स्वतःच करायचा, देव्हाऱ्याला तिला हात लावू द्यायचा नाही. पूजा झाली की मात्र हाक मारायचा, "हात जोड, गोरखसाटी." ती दारातूनच डोळे मिटून हात जोडायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

आता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमच्याच दुकानातली हायेत. मालक दरसाल हितनंच आनायचे. मेलेल्या मानसाला खोटं पाडू नका, शेठ."

सराफाला चोर म्हणवून घ्यायची सवय नव्हती. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सोपानभाऊंनी माझ्याकडून दोनच नाणी नेली, मावशी. पहिल्या दोन दिवाळ्यांची. तिसऱ्या वर्षी तीच दोन परत घेऊन आले. पोलिसांनी पुण्याला बोलावून एका बेवारस मयताचे कपडे दाखवले, म्हणाले. त्यांनी ते ओळखले. घरी सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. ती नाणी आटवून मी त्यांना टाक करून दिला."

"कुनाचा?" रतनबाईने विचारलं. खरं तर तिला कळलं होतं.

"मागच्या बाजूला नाव घालून घेतलं त्यांनी. गोरख."

रतनबाईने तेरा नाणी एकेक करून पुन्हा फडक्यात बांधली. नवऱ्याचा राग यावा असं तिला फार वाटलं, पण तो आला नाही. अकरा वर्षं तो माणूस हे एकटाच गिळून बसला होता, आणि तिने जगावं म्हणून, पहिल्या दोन नाण्यांच्या जागीही खोटी ठेवून, दर दिवाळीला कुठून तरी एक खोटं नाणं पैदा करत होता. सुतकात बंद केलेला देव्हारा अजून उघडलाच नव्हता. आता तो तिलाच उघडावा लागणार होता.

ती उठली. अकरा वर्षं रोज सकाळी ती हात जोडत आली होती, गोरख परत यावा म्हणून. गोरखपुढेच.